रिकाम्या पुंगळीचा इतिहास

(जाहीर व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याची ढब शक्यतो तशीच ठेवली आहे.)



विषय जाहीर झाल्यावर दोघातिघांनी आम्हाला फोन करून विचारलं, "सर, तुम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलंत, आता काडतुसांवर बोलणार?" प्रश्न रास्त आहे. आम्ही कधी शिकार केलेली नाही, बंदुकीचा परवाना आमच्याकडे नाही आणि तो घेण्याचा विचारही नाही. पण एखादी वस्तू तयार कशी होते, वापरून झाल्यावर तिचं काय होतं, आणि तिचा आकार बदलला तर ती तीच राहते की दुसरी होते, हे प्रश्न आमच्या शास्त्राचे जुनेच प्रश्न आहेत. फरक एवढाच की आमच्या पोथ्यांत उदाहरण मातीच्या घटाचं असतं. आज पितळेच्या पुंगळीचं घेऊ.

आधी शब्द स्पष्ट करून घेऊ, म्हणजे पुढे घोटाळा होणार नाही. रायफलच्या काडतुसाचे चार भाग. पुढे गोळी. आत दारू. बुडाला ठिणगी देणारी छोटी टोपी. आणि या तिघांना धरून ठेवणारं पितळेचं नळकांडं, म्हणजे पुंगळी. वर्तमानपत्रात आपण वाचतो ना, "घटनास्थळी रिकाम्या पुंगळ्या सापडल्या", तीच ही. बार उडाला की गोळी जाते, दारू जळते, टोपी निकामी होते. पुंगळी मात्र उरते. आजचं सगळं व्याख्यान या एका वाक्यावर उभं आहे: पुंगळी उरते.

कागद उरत नव्हता

ती नेहमीच उरत नव्हती. १८५७ चं काडतूस आपल्या सगळ्यांना शाळेपासून माहीत आहे. एन्फिल्ड रायफल, तोंडाकडून भरायची. कागदाची सुरळी, तिच्यात दारू आणि गोळी, वरून चरबीचा लेप. शिपायाने सुरळी दाताने फाडायची, दारू नळीत ओतायची, गोळी गजाने ठासायची. त्या चरबीत काय आहे यावरून जे घडलं ते सांगायला नको. २४ एप्रिल १८५७ ला मेरठमध्ये तिसऱ्या घोडदळाच्या ९० जणांना कवायतीसाठी काडतुसं दिली, त्यातल्या ८५ जणांनी ती घ्यायला नकार दिला. १० मेला मेरठ पेटलं.

आम्हाला इथे वेगळी गोष्ट नोंदवायची आहे. त्या काडतुसाचा वाद सगळा वापरण्याआधीचा होता. हात लावायचा की नाही, दात लावायचा की नाही. वापरल्यानंतरचा प्रश्नच नव्हता, कारण वापरल्यानंतर काडतूस म्हणून काही शिल्लकच राहत नव्हतं. कागद फाटला, जळाला, वाऱ्यावर गेला.

त्यानंतर अवघ्या दहा वर्षांत चित्र पालटलं. १८६६ मध्ये ब्रिटिश सैन्याने त्याच एन्फिल्ड बंदुकांना मागच्या बाजूने उघडणारं झडपेसारखं दार बसवलं. ही जेकब स्नायडर या अमेरिकन माणसाची युक्ती. आणि या बंदुकीसाठी वूलिचच्या रॉयल लॅबोरेटरीचे प्रमुख कर्नल एडवर्ड बॉक्सर यांनी नवं काडतूस आणलं. त्यात पातळ पितळी पत्रा गुंडाळून नळी केलेली होती. आता बार झाला की पितळेचं नळकांडं बाहेर पडू लागलं. सैनिकाच्या पायाशी प्रथमच काहीतरी उरू लागलं.

हे उरलेलं टाकाऊ आहे की कामाचं? या प्रश्नाभोवती पुढची दीडशे वर्षं फिरली.

दोन टोप्या, दोन स्वभाव

बॉक्सरने टोपीचीही एक रचना केली. टोपीवर आघात झाला की आतलं द्रव्य कशावर तरी चिरडलं जायला हवं, तरच ठिणगी पडते. म्हणजे एक छोटी ऐरण लागते. बॉक्सरने ही ऐरण टोपीच्या आतच बसवली. त्यामुळे पुंगळीच्या बुडाला बरोबर मध्ये एकच भोक पुरलं. त्याच सुमारास अमेरिकेत हायरम बर्डन यांनी उलट केलं. ऐरण पुंगळीचाच भाग, आणि तिच्या दोन्ही बाजूंना दोन बारीक भोकं.

फरक क्षुल्लक वाटतो ना? पण पहा. बॉक्सरच्या पुंगळीत वरून एक साधी सळई घातली की ती मधल्या भोकातून जाते आणि जळकी टोपी खाली पडते. नवी टोपी बसवली, दारू घातली, गोळी बसवली, झालं. बर्डनच्या पुंगळीत मध्ये ऐरण आडवी, त्यामुळे सळई चालत नाही, टोपी बाहेरून उचकटावी लागते. म्हणजे एक रचना 'पुन्हा भर' म्हणते आणि दुसरी 'टाकून दे' म्हणते.

गंमत अशी की इंग्रज बॉक्सरची टोपी अमेरिकेत घरोघरी रुजली आणि अमेरिकन बर्डनची टोपी युरोपातल्या सैन्यांनी उचलली. अमेरिकेत वस्त्या विरळ, दुकान लांब, पुंगळी महाग. तिथे माणूस आपली काडतुसं स्वतः भरायचा. १८८४ मध्ये जॉन बार्लो यांनी आयडियल नावाची कंपनी काढली आणि सांडशीसारखं एक हत्यार विकायला आणलं, त्यावर काडतूस पुन्हा भरता येई. युरोपातल्या सैन्यांना मात्र शिपायाने पुंगळी पुन्हा भरायला नकोच होती. वस्तूच्या रचनेत समाजाची गरज कशी मुरते, याचं यापेक्षा सोपं उदाहरण आम्हाला माहीत नाही.

नवं काडतूस जुन्याच्या पोटातून

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. नवी रायफल आली की तिला नवं काडतूस लागतं. ते कुठून येतं?

आपल्याला वाटतं की कुणीतरी कोऱ्या कागदावर आराखडा काढत असेल. बहुतेक वेळा तसं होत नाही. आधीची पुंगळी घेतात आणि तिचा आकार बदलतात.

१८७१ मध्ये ब्रिटिश सैन्याने मार्टिनी-हेन्री रायफल घेतली. तिची नळी स्नायडरपेक्षा बारीक, ०.४५ इंचाची. सुरुवातीला तिच्यासाठी लांब, सरळ पुंगळी केली. ती फार लांबट झाली, बंदुकीच्या यंत्राला सोयीची पडेना. मग काय केलं? स्नायडरची जाड ०.५७७ इंचाची पुंगळी घेतली, थोडी लांब केली आणि पुढचा भाग आवळून ०.४५ वर आणला. बाटलीसारखा आकार आला. म्हणून त्या काडतुसाचं नाव आजही दोन आकड्यांनी घेतात, '.५७७/४५०'. पहिला आकडा आईचा, दुसरा मुलाचा. त्यात ८५ ग्रेन काळी दारू आणि ४८० ग्रेनची गोळी असे. आपल्या मापात साडेपाच ग्रॅम दारू आणि सुमारे ३१ ग्रॅम शिसं.

ही रीत नंतर कायमची झाली. अमेरिकन सैन्याचं १९०६ चं .३०-०६ काडतूस घ्या. त्याची मान आवळून १९२५ मध्ये .२७० विंचेस्टर झालं. १९५२ मध्ये .३०८ विंचेस्टर आलं, तीन वर्षांत त्याचीच मान आवळून .२४३ झालं. अगदी अलीकडचं उदाहरण .३०० ब्लॅकआउट. त्याला २०११ मध्ये अमेरिकेत अधिकृत मान्यता मिळाली. त्याची पुंगळी म्हणजे .२२३ ची सुमारे ४५ मिलिमीटरची पुंगळी कापून ३५ वर आणलेली. मान आणि खांदा कापून टाकायचा आणि उरलेल्या धडातूनच नवी मान काढायची.

ही मान-खांद्याची भाषा आमची नाही हं, त्या व्यवसायाचीच आहे. पुंगळीला तोंड असतं, मान असते, खांदा असतो, अंग असतं, बूड असतं. घटालाही हेच असतं. कुंभार आणि काडतूसवाला एकच शरीरशास्त्र वापरतात.

तांबटाला विचारा

पण पितळ म्हणजे माती नव्हे. ते कसं वागतं हे समजल्याशिवाय पुढचा इतिहास कळणार नाही. आणि हे समजायला परदेशात जायला नको. पुण्यात कसब्यात तांबट आळी आहे. आम्ही लहान असताना तिथून जाताना ठोक्यांचा आवाज कानात घुमायचा. तांबट हंडा ठोकत असतो. ठोकून ठोकून तांबं कडक होतं. अजून ठोकलं तर चिरतं. म्हणून तो मध्येच थांबतो, भांडं भट्टीत घालतो, लाल करतो, मग पुन्हा ठोकायला घेतो. ताव दिल्याने धातू परत मऊ होतो.

कारखान्यात पुंगळी याच तत्त्वावर होते. सत्तर टक्के तांबं आणि तीस टक्के जस्त असं पितळ. त्याच्या पत्र्यातून चकती कापायची, चकतीची वाटी करायची, मग ती वाटी साच्यातून दाबत दाबत ओढायची. प्रत्येक ओढीत ती लांब होते, भिंत पातळ होते आणि पितळ कडक होतं. म्हणून मधेमधे ताव. मग बूड घडवायचं, मान आवळायची आणि शेवटी फक्त मानेला हलका ताव द्यायचा. बूड कडकच ठेवायचं, कारण स्फोटाचा मार तिथे बसतो. लष्करी पुंगळीच्या मानेवर कधी निळसर-तपकिरी झाक दिसते, ती या शेवटच्या तावाची खूण.

जुनी पुंगळी नव्या आकारात आणतानाही हेच. एका दमात आवळली तर खांद्याला सुरकुत्या पडतात. म्हणून टप्प्याटप्प्याने, वेगवेगळ्या साच्यांतून, तेलाचा हात लावून. मान आवळली की भिंत जाड होते, ती आतून-बाहेरून तासावी लागते. आणि कधी आकार उलटा, म्हणजे फुगवून मोठा करायचा असतो. तेव्हा बंदुकीच्या नळीचं घरच साचा होतं. हलका बार उडवला की पितळ फुगून त्या घराला चिकटतं आणि त्याचा आकार घेतं. अमेरिकेत पी. ओ. ॲकली नावाच्या बंदूककारागिराने अशी कितीतरी काडतुसं केली.

आमच्या सांख्यांनी म्हटलंच आहे की कार्य कारणात आधीपासून असतं, घट मातीत असतोच, कुंभार तो फक्त प्रकट करतो. नैयायिक म्हणतात, छे, घट नव्यानेच उत्पन्न होतो. पितळेच्या कारागिराला विचारलं तर तो दोघांनाही थोडंथोडं बरोबर म्हणेल. धातूत जेवढी शक्यता शिल्लक आहे तेवढाच आकार निघतो, हे सांख्यांचं. पण दहा वेळा वापरून थकलेल्या पुंगळीतून नवी पुंगळी निघत नाही, तिची मान चिरते. शक्यता संपते. हे मात्र आमच्या पोथ्यांत फारसं बोललेलं नाही.

पावसाळा आणि पागा

पितळेच्या थकण्याचा एक धडा जगाला आपल्या पावसाळ्याने शिकवला. ब्रिटिश काळात पावसाळ्यात लष्करी हालचाली थंडावायच्या. काडतुसं घोड्यांच्या पागांत साठवून ठेवायचे. पावसाळा सरला की पेट्या उघडायच्या, तर काय, कितीतरी पुंगळ्यांना तडे गेलेले. विशेषतः जिथे पुंगळीचं तोंड गोळीवर आवळलेलं असतं तिथे. कुणी हात लावला नव्हता, बार उडाला नव्हता.

त्याला नाव पडलं 'सीझन क्रॅकिंग', ऋतूचे तडे. कारण कळायला १९२१ उजाडलं. मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या संशोधकांनी दाखवून दिलं की दोन गोष्टी एकत्र आल्या. ओढताना-आवळताना पितळेत दबून राहिलेला ताण, आणि घोड्यांच्या मुतातून दमट हवेत पसरलेला अमोनिया. एकट्या ताणाने तडा जात नव्हता, एकट्या अमोनियानेही नाही. उपाय तोच, तांबटाचा: हलका ताव देऊन ताण सोडवायचा.

बाहेरून धड दिसणाऱ्या वस्तूत घडणीच्या वेळचा ताण राहून जातो आणि योग्य हवा मिळाली की तो तडा देतो. आम्ही हे माणसांवर लावणार नाही, तो मोह आवरतो. पण धातूशास्त्राच्या पाठ्यपुस्तकातलं हे प्रकरण भारतातल्या पागेत सुरू झालं, हे आपल्या मुलांना सांगायला हरकत नाही.

पुंगळी फसली की काय होतं हेही लष्कराने पाहिलं. गुंडाळलेल्या पत्र्याची मार्टिनी-हेन्रीची पुंगळी गरम, वाळू भरलेल्या बंदुकीत अडकायची, फाटायची. १७ जानेवारी १८८५ ला सुदानात अबू क्लियाच्या लढाईत ऐन हातघाईत बंदुका अडल्या, त्यावर इंग्लंडात बोंब झाली. त्यानंतर सलग ओढलेल्या पितळेची पुंगळी रूढ होत गेली. आणि ही सलग पुंगळी गुंडाळलेल्या पुंगळीपेक्षा मजबूत होती, म्हणजे पुन्हा पुन्हा भरता येण्याजोगी. सरकारने आपल्या शिपायासाठी केलेली सुधारणा सरकारच्या शत्रूच्याही कामाची ठरली. इथून गोष्ट सरहद्दीवर जाते.

सरहद्द आणि कायदा

१८७८ मध्ये लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत हत्यारांचा कायदा आला. भारतीयाला परवान्याशिवाय हत्यार नाही, युरोपियनाला मात्र सूट. काँग्रेसच्या सुरुवातीच्या अधिवेशनांपासून या कायद्याविरुद्ध ठराव होत होते. पण वायव्य सरहद्दीपलीकडच्या डोंगरात हा कायदा पोचत नव्हता. तिथे पठाण टोळ्यांच्या हाती मार्टिनी-हेन्री होत्या. काही चोरलेल्या, काही मस्कतमार्गे इराणच्या आखातातून आलेल्या, काही कोहाटच्या खिंडीतल्या दर्रा आदमखेलच्या लोहारांनी हाताने घडवलेल्या.

बंदूक एकदा मिळाली की वर्षानुवर्षं चालते. काडतूस मात्र दर बाराला लागतं. मग तो पठाण काय करणार? शिसं वितळवून गोळी ओतणं अवघड नाही. काळी दारू म्हणजे सोरा, गंधक आणि कोळसा, तीही होते. अवघड दोनच गोष्टी: टोपी आणि पुंगळी. म्हणून रिकामी पुंगळी तिथे मोलाची वस्तू झाली. जी वस्तू ब्रिटिश शिपायाच्या पायाशी कचरा म्हणून पडत होती, ती डोंगरात संपत्ती होती.

याच काळात शिकारी रायफलींचीही भरभराट होती. १८९८ मध्ये लंडनच्या जॉन रिग्बी कंपनीने .४५० नायट्रो एक्सप्रेस आणलं, वाघ-हत्तीच्या शिकारीसाठी. साहेब लोकांत ते लोकप्रिय झालं. मग १९०७ मध्ये सरकारने भारतात आणि सुदानात .४५० व्यासाच्या दारूगोळ्यावर बंदी घातली. त्यामागची भीती अशी सांगितली जाते की शिकारी काडतुसातल्या गोळ्या काढून बंडखोर त्या आपल्या मार्टिनी-हेन्रीच्या पुंगळ्यांत भरतील.

थोडा विचार करू. बंदी कशावर? व्यासावर, म्हणजे गोळीवर. पण आपण आत्ताच पाहिलं, गोळी ओतणं सर्वांत सोपं. अडचण पुंगळीची होती. शिवाय तोवर सरहद्दीवर .३०३ रायफलीही पोचू लागल्या होत्या. आमचं मत असं की सरकारने भीती बरोबर ओळखली आणि वस्तू चुकीची धरली. पुन्हा भरण्याची कला पुंगळीत राहते, आकड्यात राहत नाही.

आणि आकड्यावरच्या बंदीचा परिणाम काय झाला? इंग्लंडचे बंदूककार हातावर हात ठेवून बसले नाहीत. हॉलंड अँड हॉलंडने .५०० ची पुंगळी आवळून .४६५ केलं. कुणी .४७० केलं, कुणी .४७५, वेस्टली रिचर्ड्सने .४७६. प्रत्येक आकडा .४५० पेक्षा जरासा वेगळा, काम जवळजवळ तेच. नव्या काडतुसांचं हे अख्खं कुटुंब एका सरकारी हुकुमातून जन्माला आलं. अभियंत्याला त्यांची गरज नव्हती, वाघालाही फरक पडला नसता. आज जगभरचे संग्राहक .४७० चं कौतुक करतात, त्यांच्यातल्या किती जणांना माहीत असेल की त्याच्या मुळाशी एका पठाणाच्या हातातली रिकामी पुंगळी होती?

हा प्रकार संपलेला नाही. .३०३ हे लष्करी काडतूस, म्हणून सामान्य नागरिकाला नाही. मग ऑस्ट्रियाच्या मानलिखर रायफलचं ८ मिलिमीटरचं काडतूस भारतात .३१५ या नावाने नागरी वापरासाठी आलं. ऑस्ट्रियात ते कधीच मागे पडलं. आपल्याकडे मात्र इशापूरच्या कारखान्याची .३१५ रायफल आजही परवानाधारकाकडे दिसते आणि तिची काडतुसं आपल्या खडकीच्या कारखान्यात होतात. खडकीचा हा कारखाना १८६९ चा, म्हणजे स्नायडरच्या काळातला. पुंगळीच्या बुडावर 'के एफ' अशी अक्षरं असतात, ती खडकीची. एका परक्या साम्राज्याचं काडतूस दुसऱ्या साम्राज्याच्या भीतीमुळे आपल्या शेतकऱ्याच्या कोनाड्यात आलं, ते असं.

नाव आणि रूप

बुडावरच्या अक्षरांचा उल्लेख आला, तर एक धोका सांगायला हवा. पुंगळीचा आकार बदलला तरी बुडावरचं नाव बदलत नाही. .२२३ ची पुंगळी कापून .३०० ब्लॅकआउट केली, तरी बुडावर जुनंच नाव. दोन्हींचं बूड एक, दोन्ही एकाच मॅगझिनमध्ये बसतात. नको ते काडतूस नको त्या रायफलीत गेलं तर जाड गोळी बारीक नळीत अडकून बंदूक फुटते. असे अपघात झालेले आहेत. म्हणून या कामातली जाणती माणसं डब्यावर ठळक चिठ्ठी लावतात, दोन प्रकारच्या पुंगळ्या एका टेबलावर येऊ देत नाहीत.

वेदान्तात नामरूप असा जोडशब्द आहे. तिथे नाम आणि रूप दोन्ही मिथ्या. इथे नाम मिथ्या झालं आणि रूप खरं राहिलं तर बोटं जातात. तत्त्वज्ञानाच्या वर्गात आम्ही तीस-पस्तीस वर्षं नामरूप शिकवलं, पण नावाने वस्तूचा पाठलाग करायला हवा, नाहीतर कुणीतरी जखमी होतं, हे आम्हाला काडतुसांनी शिकवलं.

कायद्यालाही नावाची हीच अडचण येते. आपल्या १९५९ च्या शस्त्र कायद्याने 'दारूगोळा' या शब्दात दारूगोळ्याचे भाग आणि तो बनवण्याची यंत्रसामग्रीही धरली. म्हणजे तयार काडतूस एवढाच अर्थ नाही. १९०७ च्या हुकुमापेक्षा ही व्याख्या शहाणी आहे, कारण ती आकड्यामागे न धावता घडणीमागे जाते. इथे बसलेल्या तरुणांना स्पष्ट सांगतो, आपल्याकडे हा घरी करून पाहायचा छंद नाही. आम्ही मापं आणि कृती मुद्दाम सांगितलेल्या नाहीत.

पितळ साक्ष देतं

शेवटचा मुद्दा. पुंगळी उरते म्हणून ती पुन्हा भरता येते. पण उरते म्हणूनच ती साक्षही देते.

२५ जून १८७६ ला अमेरिकेत लिटल बिगहॉर्नला कस्टरची तुकडी मारली गेली. त्याच्या बाजूचं कुणी सांगायला उरलं नाही. लाकोटा आणि शायान योद्ध्यांनी सांगितलेलं शंभर वर्षं फारसं कुणी मनावर घेतलं नाही. १९८३ मध्ये तिथलं गवत वणव्यात जळालं आणि जमीन उघडी पडली. १९८४-८५ मध्ये डग्लस स्कॉट आणि रिचर्ड फॉक्स यांनी उत्खनन केलं. सापडलेल्या पुंगळ्यांवर टोपीला बसलेल्या आघाताची खूण असते, ती प्रत्येक बंदुकीची वेगळी. त्या खुणा जुळवून कोणती बंदूक कुठून कुठे सरकली ते त्यांनी नकाशावर मांडलं. योद्ध्यांनी सांगितलेल्या कितीतरी गोष्टींना पितळेने दुजोरा दिला. माणसांचा शब्द पुरला नाही, पुंगळीचा पुरला.

आणि आता आपल्या घरचं उदाहरण. १३ एप्रिल १९१९, जालियनवाला बाग. पन्नास रायफली, .३०३ ची काडतुसं. हंटर समितीपुढे झाडलेल्या गोळ्यांचा आकडा आला: १६५०. हा आकडा इतिहासाच्या प्रत्येक पुस्तकात आहे आणि त्यावर सहसा वाद होत नाही. लष्करात काडतुसांचा हिशेब ठेवावाच लागतो, प्रत्येक गोळीमागे वहीत नोंद असते. आता मृतांचा आकडा घ्या. सरकार म्हणालं ३७९. काँग्रेसच्या चौकशीने तो हजाराच्या घरात नेला. आज शंभर वर्षांनंतरही तो नक्की नाही.

हे आम्हाला सतावतं. ज्या यंत्रणेने प्रत्येक काडतुसाचा हिशेब दिला, तिला त्या काडतुसांनी मारलेल्या माणसांचा हिशेब देता आला नाही, आणि द्यावासा वाटलाही नाही. संध्याकाळी संचारबंदी होती, जखमी बागेतच पडून राहिले. पितळ मोजलं गेलं, माणसं अंदाजाने सांगितली गेली.

१८५७ च्या काडतुसाचं काही उरत नव्हतं, म्हणून सगळी चर्चा वापरण्यापूर्वीच्या पापाची झाली. पितळेची पुंगळी आल्यावर वापरल्यानंतरचा प्रश्न आला: उरलेलं कोण उचलणार, कोण पुन्हा भरणार, कोण मोजणार. पठाणाने ती पुन्हा भरली. लंडनच्या कारागिराने तिला नवा आकार आणि नवा आकडा दिला. सरकारने मोजली. पुरातत्त्वज्ञाने वाचली. यांतलं कोणतंही काम पुंगळीला बघून ठरलेलं नव्हतं, ते हाताने ठरवलं.

व्याख्यान संपता संपता एका श्रोत्याने विचारलं, "सर, मग आकार बदललेली पुंगळी जुनी की नवी? तुमचं उत्तर काय?" आमचं उत्तर असं: धातूपुरती जुनी, बंदुकीपुरती नवी, आणि जबाबदारीपुरती ज्याने ती घडवली त्याची. वापरून संपलं असं आपण म्हणतो तेव्हा फक्त आपला तिच्यातला रस संपलेला असतो. वस्तू संपलेली नसते.